सरकारी खुल्या डेटाचा परवाना (जीओडीएल) : सांगलीच्या प्रभाग-नकाशासाठी आठ महिने वापरल्यावर

आधी वापर कशासाठी होता ते. सांगली-मिरज-कुपवाडचा प्रभागवार नकाशा, त्यावर लोकसंख्या, शाळा, दवाखाने आणि कृष्णेची पूरपातळी. एक आवृत्ती वेबवर, दुसरी ए-३ आकाराचा छापील तक्ता. तक्ता विकायचा होता, त्यामुळे व्यावसायिक वापर चालतो की नाही हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

चालतो. गव्हर्न्मेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया हा परवाना फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने अधिसूचित केला. डेटा वापरा, बदला, भाषांतर करा, त्यावरून नवं काही बनवून विका. रॉयल्टी नाही, परवानगीच्या पत्रासाठी हेलपाटे नाहीत. मजकूर दोन-तीन पानांचा आणि वाचता येण्यासारखा आहे. परवान्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. घोळ होतो तो कुठल्या फाइलला तो लागू आहे, इथे.

लोकांचा सर्रास समज असा की सरकारी संकेतस्थळावर आहे म्हणजे खुलं आहे. तसं नाही. हा परवाना २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणाखाली आलेल्या डेटाला, म्हणजे मुख्यतः डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरच्या डेटासंचांना लागू होतो. महापालिकेने किंवा सातारा नगरपरिषदेसारख्या संस्थेने स्वतःच्या साइटवर टाकलेली पीडीएफ त्यात आपोआप येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७(डीडी) प्रमाणे कायद्याने स्थापन झालेली निगम संस्था तिच्या प्रकाशनांची पहिली मालक असते आणि कलम २८अ नुसार तो हक्क ६० वर्षं टिकतो. परवान्याचा उल्लेख नसेल तर हक्क राखीव धरायचे.

म्हणून फाइल उतरवण्याआधी साइटच्या तळाशी 'कॉपीराइट धोरण' उघडा. सरकारी साइटवर त्याचे दोन मसुदे फिरतात आणि घाईत वाचले तर सारखेच वाटतात. एकात मजकूर 'विनामूल्य, परवानगीची गरज नाही' असा असतो, दुसऱ्यात 'विनामूल्य, पण ईमेलने परवानगी घेतल्यानंतर'. दुसरा असेल तर ईमेल पाठवाच. नेमक्या फाइलचं नाव, छापील प्रतींची संख्या आणि विक्री आहे की नाही, हे तीनही लिहा. 'डेटा वापरू का?' एवढंच विचारलं तर उत्तर येत नाही, आलं तरी कामाचं नसतं. त्या दिवशीच्या धोरणपानाची पीडीएफ करून डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा, कारण साइट नव्याने बनते तेव्हा जुनं पान गायब होतं.

प्रभागांच्या हद्दी मिळवायला एक सरळ वाट आहे. आराखड्याचा स्कॅन गिरवू नका. नकाशा कॉपीराइट कायद्याने कलाकृती आहे, म्हणजे त्यावरही हक्क असतो. प्रभागरचनेची अंतिम अधिसूचना राजपत्रात शोधा. त्याच कायद्याच्या कलम ५२(१)(क्यू) प्रमाणे राजपत्रातला मजकूर पुन्हा छापल्याने हक्कभंग होत नाही. त्यात उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा शब्दांत हद्द दिलेली असते. ती वाचून रेषा स्वतः काढायची. वेळखाऊ काम आहे, पण रेषा आपली राहते. माहिती अधिकारात १० रुपये अर्जशुल्क आणि प्रतीचा खर्च भरून नकाशाची प्रत मिळते हे खरं. पण प्रत मिळणं आणि प्रकाशनाची मुभा मिळणं वेगळं, त्या कायद्यात पुनर्वापराचं कलम नाही.

आता श्रेय. बहुतेक जण 'स्रोत: भारत सरकार' लिहून मोकळे होतात. ते अपुरं आहे, आणि अटी मोडल्या की परवान्याचे हक्क आपोआप संपतात. परवान्यातच साचा दिला आहे. त्याप्रमाणे ओळ अशी होते:

'भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांचे कार्यालय, (प्रकाशन वर्ष), (संचाचं नाव), (संकेतस्थळाचं नाव), (आवृत्ती किंवा दिनांक), (संचाची लिंक). गव्हर्न्मेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया अंतर्गत प्रकाशित: (परवान्याची लिंक).'

सात-आठ संच एकत्र असतील तर तक्त्यावर जागाच उरत नाही. मग सगळ्या ओळी एका वेबपानावर ठेवून त्या पानाची लिंक दिली तरी परवाना मान्य करतो. तक्त्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आणि खाली तीच लिंक अक्षरांत छापा. बोधचिन्ह मात्र लावू नका. पालिकेचं चिन्ह शोभेला टाकण्याचा मोह होतो, पण चिन्हं परवान्यातून स्पष्ट वगळलेली आहेत, आणि संस्थेने तुमच्या कामाला पाठिंबा दिलाय असं सुचवायलाही मनाई आहे.

एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट डेटा मागवण्याची सोय, वापरणाऱ्यांसाठी: पोर्टलवरच्या नमुना 'की'ने (प्रवेश-संकेताने) एका वेळी १० च नोंदी येतात. संचच दहा ओळींचा आहे असं वाटून अर्धवट तक्ता बनतो. नोंदणी करून स्वतःची 'की' घ्या, लिमिट (एका वेळी किती नोंदी) आणि ऑफसेट (कितव्या नोंदीपासून) देत पुढे जा आणि शेवटी आलेल्या ओळी एकूण आकड्याशी ताडून पाहा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. डेटा टॅबमधून, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत निवडून आत घ्या.

परवाना अचूकतेची हमी देत नाही, पुढची आवृत्ती येईल याचीही नाही. हे कलम गांभीर्याने घ्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,०२,७९३. पण तेव्हाचे वॉर्ड आणि २०१८ च्या निवडणुकीचे २० प्रभाग यांच्या हद्दी वेगळ्या. क्रमांक पाहून जोडलं तर संगणक तक्रार करत नाही, नकाशा मात्र खोटा होतो. जिल्ह्याचे संकेतांकही तसेच: जनगणनेत सांगली ५३१, सातारा ५२७, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्देशिकेत वेगळे. पूरपातळीत तर जास्तच जपावं लागतं. आयर्विन पुलावर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सांगलीकराला पाठ असतं. केंद्रीय जल आयोग पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो. ०.३०४८ ने गुणून दोन्ही जुळत नाहीत, कारण पुलावरच्या पट्टीचा शून्य वेगळा. दोन्ही आकडे आपापल्या एककात, स्रोतासह शेजारी छापा.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा परवाना निराळा, ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स). त्यातले रस्ते आणि सरकारी संच मिसळून एकच नवा डेटाबेस प्रकाशित केला, तर तो अख्खा ओडीबीएलखालीच द्यावा लागतो. थर वेगळ्या फाइलींत ठेवले तर प्रत्येकाचा परवाना त्याच्याजवळ राहतो. आणि घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या याद्यांना हात लावू नका: वैयक्तिक माहिती या परवान्यात येतच नाही. प्रभागनिहाय बेरीज हवी असेल तर ती खात्याकडूनच लेखी मागा.