गेमसाठी चित्रे कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावीत : पीएनजी, जेपेग, टीजीए, एसव्हीजी आणि एएसटीसी यांची तुलना

ठाण्यात नौपाड्याला राहणारी माझी भाची आणि तिचा एक वर्गमित्र मिळून अँड्रॉइड फोनसाठी छोटा गेम तयार करत आहेत. त्यात मासुंदा तलावात संध्याकाळी होडी वल्हवायची असते, आणि तलावपाळीचे दिवे, कोपिनेश्वराचे शिखर व गडकरी रंगायतनाची इमारत पार्श्वभूमीला दिसत राहते. चित्रे दोघांनी फार मन लावून काढली आहेत. मात्र माझ्या बहिणीच्या जुन्या, ३ जीबी रॅमच्या फोनवर तिसरे दृश्य उघडताना गेम बंद पडू लागला, तेव्हा भाचीने मला विचारले, “मावशी, सगळ्या चित्रांच्या फाइली मिळून १२ एमबीसुद्धा होत नाहीत, मग मेमरी संपते कशी?” हा प्रश्न गेम करायला घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो, आणि फॉरमॅट निवडण्याआधी त्याचे उत्तर समजून घेणे आवश्यक आहे.

चित्राला दोन वजने असतात, एक साठवणीतले आणि दुसरे मेमरीतले. नऊवारी पातळ घडी घालून ट्रंकेत ठेवले की वीतभर जागेत मावते, पण नेसायला काढले की त्याची सगळी लांबी उलगडावीच लागते. पीएनजी किंवा जेपेग ही अशी घडी आहे. फोनच्या जीपीयूला, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपला, ती जशीच्या तशी वाचता येत नाही, म्हणून दृश्य उघडताना चित्र पूर्ण उलगडले जाते आणि लाल, हिरवा, निळा व पारदर्शकता असे प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. २०४८ × २०४८ पिक्सेलचे चित्र मेमरीत १,६७,७७,२१६ बाइट, म्हणजे १६ एमबी व्यापते, मग त्याची फाइल ३०० केबीची असो वा ५ एमबीची. भाचीच्या एका दृश्यात असे १० थर होते, आणि आधीची दोन दृश्ये मेमरीतून काढलेलीच नव्हती. हिशेब ४८० एमबीवर गेला होता.

त्यामुळे येथे निर्णय एक नसून दोन आहेत. आपल्याकडे मूळ प्रत म्हणून काय जपायचे हा पहिला, आणि फोनच्या मेमरीत काय पोहोचवायचे हा दुसरा. बहुतेक गोंधळ हे दोन निर्णय एकच समजल्यामुळे होतात.

पहिल्या निर्णयात खरी स्पर्धा पीएनजी आणि जेपेग यांच्यात वाटते, पण गेमपुरती ती फारशी बरोबरीची नाही. १९९२ साली प्रमाणित झालेला जेपेग छायाचित्रांसाठी घडवला गेला. तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो, डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो, आणि रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ ठेवतो. होडीच्या चित्रावर हे स्पष्ट दिसले. होडीच्या काठाला ३ पिक्सेल रुंदीची लाल पट्टी आहे आणि तिच्यामागे गडद हिरवे पाणी आहे. पीएनजीमध्ये आठपट मोठे करून पाहिले तर पट्टीची कड चाकूने कापल्यासारखी दिसते. जेपेगमध्ये तीच लाली पाण्यात झिरपलेली दिसते आणि भोवती धुरकट ठिपके उमटतात. शिवाय जेपेग फाइल उघडून, बदल करून पुन्हा जतन केली की प्रत्येक वेळी थोडी हानी वाढते, आणि गेममधली चित्रे तर पन्नास वेळा बदलतात. पारदर्शकता जेपेगला ठेवताच येत नाही, म्हणून होडी, वल्हे, पात्रे यांच्यासाठी तो बादच होतो. पूर्ण पडदा व्यापणारे, छायाचित्रातून घेतलेले एखादे स्थिर दृश्य असेल तरच त्याचा विचार करावा.

पीएनजी १९९६ साली आला. जीआयएफमधल्या संकोचन पद्धतीच्या पेटंटवरून वाद उठल्यावर मुक्त पर्याय म्हणून तो तयार झाला, आणि त्यात एकाही पिक्सेलची हानी होत नाही. माझ्या मते एकट्याने किंवा दोघा-तिघांनी गेम करणाऱ्यांनी तयार चित्रांसाठी डोळे मिटून पीएनजी घ्यावा. जीआयएफमध्ये एका चौकटीत २५६ रंग मिळतात आणि पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही, त्यामुळे आज गेमच्या आत त्याचे काम उरलेले नाही.

मग १९८४ सालापासून चालत आलेला टीजीए अनेक स्टुडिओंत अजून का वापरतात? कारण पारदर्शकतेच्या बाबतीत तो चित्रकाराच्या हाती अधिक ताबा ठेवतो. पीएनजी निर्यात करताना बरीच सॉफ्टवेअर पूर्ण पारदर्शक पिक्सेलखालचा रंग पांढरा किंवा काळा करून टाकतात. तो रंग दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु गेममध्ये चित्र लहानमोठे होताना जीपीयू शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो आणि तो लपलेला पांढरा रंग कडेला उमटतो. भाचीच्या होडीभोवती संध्याकाळच्या पाण्यावर दिसणारी पांढरट किनार हीच होती. टीजीएमध्ये पारदर्शकतेचा चॅनेल बहुधा वेगळा रंगवला जातो आणि खालचा रंग कडेबाहेर पसरवून ठेवता येतो. याच्या बदल्यात फाइल बरीच मोठी होते. ज्यांना एवढ्यासाठी टीजीएकडे जायचे नाही त्यांनी पीएनजीच ठेवून इंजिनातील, म्हणजे गेम बांधायच्या सॉफ्टवेअरमधील, कडेचा रंग बाहेर पसरवण्याची सोय सुरू करावी. युनिटी आणि गोडो या दोन्हींत ती आहे, आणि आमचे काम तेवढ्यानेच भागले.

फोटोशॉपची पीएसडी किंवा आपल्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची लेअर असलेली फाइल ही खरी मूळ प्रत होय, आणि ती कधीही टाकून देऊ नये. पीएनजी एकदा सपाट झाला की दिव्यांचे प्रतिबिंब पाण्यापासून पुन्हा वेगळे करता येत नाही.

एसव्हीजीची जात निराळी आहे. तो पिक्सेल साठवत नाही, तर रेषा आणि आकार कसे काढायचे हे सांगतो, त्यामुळे एकाच फाइलीतून हव्या त्या मापाचे चित्र धारदार निघते. बटणे, चिन्हे, गेमचे बोधचिन्ह यांसाठी तो उत्तम. गूगल प्ले ५१२ × ५१२ पिक्सेलचे चिन्ह मागते, ॲपलचे ॲप स्टोअर १०२४ × १०२४ चे, आणि अशा वेळी नव्याने चित्र काढत बसावे लागत नाही. येऊरच्या डोंगरांची सपाट, एकरंगी रेघ भाचीने एसव्हीजीतच काढली. पाण्याच्या छटांसाठी मात्र तो उपयोगी नाही. इंजिनात जाताना त्याचेही बहुधा पिक्सेलच होतात, म्हणून मेमरी वाचेल या आशेने तो निवडू नये. ब्राउझरमध्ये चालणारा गेम असेल तर वेबपी डाउनलोड हलके करतो, पण उलगडल्यावर त्याचाही हिशेब तोच.

मेमरी वाचते ती दुसऱ्या निर्णयाने. जीपीयूला घडी न उलगडता थेट वाचता येणारे काही फॉरमॅट आहेत. संगणकावर त्यांना बीसी म्हणतात, आणि मोबाइलवर ईटीसी२ व एएसटीसी हे दोन पर्याय समोर येतात. ईटीसी२ हा ओपनजीएल ईएस ३.० या फोनवर चित्रे रेखाटण्याच्या प्रमाणकाचा अनिवार्य भाग असल्याने जुन्या फोनवरही भरवशाचा आहे, पण पारदर्शकतेसह त्याचा दर ठरलेला असतो, पिक्सेलला १ बाइट. एएसटीसीमध्ये प्रत्येक चौकोनाला १६ बाइट मिळतात आणि चौकोन केवढा घ्यायचा हे आपण ठरवतो. ४ × ४ घेतला तर आपले १६ एमबीचे चित्र ४ एमबीवर येते, ६ × ६ घेतला तर सुमारे १.८ एमबीवर, आणि ८ × ८ घेतला तर १ एमबीवर. गेली काही वर्षे विकल्या गेलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांवर तो चालतो, त्यामुळे नवीन गेमसाठी मी एएसटीसीच सुचवेन आणि फारच जुने फोन गाठायचे असतील तरच ईटीसी२.

पिक्सेल आर्टला, म्हणजे एकेक पिक्सेल मुद्दाम ठळक दिसेल अशा चित्रांना, मात्र यातले काहीही लावू नये. संकोचनात लहानशा चौकोनातले सगळे रंग मोजक्या रंगांच्या मिश्रणातून बसवले जातात, आणि पिक्सेल आर्टमध्ये तर शेजारशेजारचे चार पिक्सेल चार रंगांचे असू शकतात. ६४ × ६४ ची आकृती उलगडूनही १६ केबीच होते, तेव्हा ती तशीच राहू द्यावी. नॉर्मल मॅप, म्हणजे सपाट पृष्ठभाग प्रकाशात उंचसखल भासवणारे चित्र, वापरत असाल तर जेपेग कटाक्षाने टाळावा आणि इंजिनात ते चित्र एसआरजीबी, म्हणजे रंगांचे नेहमीचे चित्र, म्हणून आयात करू नये, कारण त्यातले आकडे पृष्ठभागाच्या दिशा सांगतात, रंग नव्हेत.

एएसटीसीतला चौकोन सगळ्या चित्रांना एकच लावणे ही सोय आहे, निवड नव्हे. मासुंद्याच्या दृश्यात आम्ही पाण्याच्या थराला ८ × ८ लावला, आणि लाटांच्या गडबडीत नुकसान कोठे झाले हे शोधूनही सापडले नाही. तोच चौकोन आकाशाला लावल्यावर केशरी ते जांभळ्या छटेत पायऱ्या आणि चौकटी उघड दिसू लागल्या. आकाश ४ × ४ वर आणले, मूळ चित्रात अगदी बारीक दाणेदारपणा मिसळला, तेव्हा छटा पुन्हा सलग झाली. रंगायतन आणि शिखराचे थर ६ × ६ वर ठेवले, दृश्य बदलताना मागचे थर मेमरीतून काढले, आणि एका दृश्याचे १६० एमबी आता २० एमबीच्या आत बसतात. बहिणीच्या फोनवर तिसरे दृश्य उघडते.