पाण्याचा यूव्ही प्युरिफायर: ट्यूबवाला घ्यायचा की एलईडीवाला?

नेरूळ-वाशीकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. पावसाचं, गोडं पाणी. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेल मिसळत नसेल तर क्षार काढणाऱ्या आरओवर पैसे घालवू नका. धास्ती क्षारांची नाही, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीची. तिच्यात ड्रेनेज झिरपलं की काविळीचे व्हायरस आलेच. म्हणजे यूव्ही, अतिनील प्रकाशाने जंतू निकामी करणारा, हवा. कुठला, एवढाच प्रश्न.

पाऱ्याची ट्यूब 254 नॅनोमीटरचा प्रकाश देते, एलईडी साधारण 265 ते 280 चा. दोन्हींनी व्हायरसच्या आरएनए-डीएनएची मोडतोड होते आणि पोटात गेला तरी त्याला वाढता येत नाही. खरा फरक पडतो तो डोसमुळे, म्हणजे पाण्याला मिळणाऱ्या यूव्ही प्रकाशाच्या मात्रेमुळे. काविळीच्या ‘ए’ व्हायरससाठी दर चौरस सेंटिमीटरला 40 मिलिज्यूल पुरतात. अडेनोव्हायरस चिवट, दहा हजारांतला एकच उरायला हवा तर 254 च्या प्रकाशाचे 186 लागतात. दुकानात ‘99.99 टक्के’ ऐकलंत की विचारा: डोस किती, आणि मिनिटाला किती लिटर पाणी सोडल्यावर?

ट्यूब विजेतला साधारण तिसरा हिस्सा कामाच्या प्रकाशात बदलते, एलईडी अजून जेमतेम काही टक्के. ट्यूब काही शे रुपयांत मिळते, कोणीही मेकॅनिक बदलून देतो. पण साधारण 9000 तासांनी तिचा जोर उतरतो आणि ती निळी दिसतच राहते, कारण काम करणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. ‘पेटतेय ना?’ म्हणत लोक वर्षानुवर्षं तीच चालवतात. त्यात ट्यूबभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरट थर चढलेला असतो तो वेगळाच.

एलईडी बटण दाबताच पूर्ण जोरात पेटतो. म्हणून तो थेट नळाच्या तोंडाशी बसवता येतो, आणि माझ्या मते खरा फायदा हाच. यूव्ही क्लोरीनसारखं पाण्यात काही मागे ठेवत नाही. मशीनच्या टाकीत साठलेलं पाणी पुन्हा बिघडू शकतं. एलईडीत पाराही नाही. पण बिघडला तर बहुधा अख्खं मॉड्यूल कंपनीकडूनच घ्यावं लागतं.

घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर नळाशी एलईडी असलेलं मॉडेल घ्या. एलईडी टाकीच्या आधीच बसवलेला असेल तर जास्तीचे पैसे कशाला? ट्यूबच बरी, फक्त वर्षाला बदला. भाड्याच्या घरातही तीच. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की दोन्ही लंगडे. आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर हवाच. आणि काही मशीनच्या टाकीत जो निळा दिवा लुकलुकतो, तो बरेचदा निव्वळ शोभेचा असतो.