आंफावाचं थाई मांजर केंद्र: सयामी बघायला गेलो, कोरातच्या प्रेमात पडलो

मांजर आवडत असेल आणि बँकॉकला जायचं ठरत असेल तर अर्धा दिवस आंफावासाठी काढाच. बँकॉकपासून नैऋत्येला, समुत सोंगखराम प्रांतात, रस्त्यानं दीड-दोन तासांवर हे गाव आहे आणि तिथं थायलंडच्याच मातीतल्या जुन्या मांजरांच्या जाती सांभाळणारं एक केंद्र आहे. हा कॅट कॅफे नाही हे आधीच सांगते. थंडगार एसी, केक, कॉफीवर काढलेलं मांजराचं तोंड असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नका, साधी घरगुती जागा आहे, झाडं आहेत, जाळ्या आहेत आणि मांजरं आहेत, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडलं कारण लक्ष दुसरीकडे जायला काही कारणच नव्हतं.

इथं जायचं मुख्य कारण म्हणजे एका देशातल्या पाच जाती, सयामी, खाव मनी, कोरात, सुफलक आणि कोन्जा, एकाच फेरीत बघायला मिळतात. इंटरनेटवर फोटो आपण सगळेच बघतो पण फोटोत स्वभाव दिसत नाही. जाळीपाशी गेल्यावर कोण धावत येतं, कोण लांबूनच बघत बसतं, कोण आधी आवाज देतं आणि कोण न बोलता पायाशी येऊन बसतं, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सयामीपासून सुरू करते कारण सगळे तिच्यासाठीच जातात. थाई लोक तिला विचियनमात म्हणतात. आणि पहिला धक्का हा की ही मांजरं कॅट शोमध्ये दिसतात तशी लांबुडक्या तोंडाची, त्रिकोणी, काडीसारख्या अंगाची नाहीतच. गोलसर डोकं, भरलेलं अंग, व्यवस्थित नाक, डोळे मात्र तेच गडद निळे. हीच मूळची ठेवण. १८८४ मध्ये बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतल्या गूल्ड नावाच्या अधिकाऱ्यानं फो आणि मिया अशी एक जोडी आपल्या बहिणीसाठी इंग्लंडला नेली, पुढच्या वर्षी त्यांची पिल्लं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या कॅट शोमध्ये गेली आणि तिथून युरोपला सयामीचं वेड लागलं. अमेरिकेत तर त्याही आधी, १८७८ मध्ये, बँकॉकमधल्या अमेरिकन कॉन्सलनं राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या पत्नीला सयामी मांजर पाठवलं होतं. मग पुढच्या शंभरेक वर्षांत शोसाठी निवड करत करत पाश्चात्य ब्रीडर लोकांनी तिचं तोंड लांब लांब करत नेलं. मला ते अजिबात आवडत नाही, आणि इथली मांजरं बघितल्यावर तर आणखीनच आवडेनासं झालं, मुळात इतकं देखणं जनावर असताना त्यात बदल करायची गरज काय होती.

पिल्लं असतील तर नक्की बघा. सयामीचं पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरं असतं. तिच्या अंगात रंग बनवणारं जे एन्झाइम आहे ते ऊब असेल तिथं नीट काम करत नाही आणि गार भागात करतं, त्यामुळे आईच्या पोटातून उबेत वाढून आलेलं पिल्लू पांढरं आणि मग हळूहळू कान, तोंड, पंजे, शेपटी हे शरीराचे गार भाग गडद होत जातात. म्हणूनच गरम हवेत राहणाऱ्या सयामीचं अंग फिकट राहतं आणि थंड देशातली वयानुसार जास्त काळवंडते. हे वाचून माहीत होतं पण आई, अर्धवट रंग आलेलं पिल्लू आणि अगदी लहान पिल्लू असं एका ओळीत बघितलं की मग ते डोक्यात पक्कं बसतं.

स्वभावाचं म्हणाल तर सयामी बोलतं. नुसतं भूक लागल्यावर म्यांव करणारं नाही, तुम्ही काही बोललात की उत्तर देणारं, तुम्ही दुसऱ्या मांजराकडे वळलात की मागून हाक मारणारं, आणि आवाज लहान बाळाच्या रडण्यासारखा खरखरीत आणि मोठा. माणसाला चिकटून राहणारी जात आहे, खोलीतून खोलीत मागे फिरते, कपाट उघडलं की आत डोकावते, कंटाळा आला की घर उलटंपालटं करते. ज्या घरात सकाळी सगळे बाहेर पडतात आणि रात्री परत येतात त्या घरानं सयामी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, घ्यायचीच तर दोन घ्यावीत.

खाव मनी म्हणजे पूर्ण पांढरं मांजर, आणि गर्दी सगळ्यात जास्त तिच्यापाशी, कारण तिचे डोळे. एक निळा एक पिवळा, किंवा एक निळा एक हिरवा, उन्हात तर काचेचे असावेत असे चमकतात. जुना काळ राजवाड्यात गेलेली ही जात देशाबाहेर जायला १९९९ उजाडलं. पण खरेदीच्या विचारानं बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पांढऱ्या मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं आणि एकच डोळा निळा असेल तर बऱ्याचदा त्याच बाजूचा कान कमी चालतो. त्यामुळे मागून जाऊन एकदम हात लावू नका, समोरून या, दिसू द्या. स्वभावानं धीट, चौकस, अनोळखी माणसाला न घाबरणारं, आणि हेही बऱ्यापैकी बोलकं. माझ्या ओढणीचं टोक एका खाव मनीनं जाळीतून पकडलं ते सोडायला तयारच नव्हतं.

आता कोरात. थाईमध्ये सी सवात, आणि नाव आलंय नाखोन राचासिमा प्रांतावरून, ज्याला तिथले लोक रोजच्या बोलण्यात कोरात म्हणतात. रंग एकच, निळसर राखाडी, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चंदेरी झाक, त्यामुळे मांजर हललं की अंगावरून उजेड सरकल्यासारखा दिसतो. चेहरा समोरून बघितला तर बदामाच्या आकाराचा, पत्त्यातल्या बदामाच्या. डोळे हिरवे, पण लगेच नाही, पिल्लाचे पिवळसर असतात आणि पूर्ण हिरवे व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. म्हणजे पिल्लू घेणाऱ्याला खरा कोरात दिसायला थांबावंच लागतं. अमेरिकेत पहिली जोडी, नारा आणि दारा, १९५९ मध्ये पोचली आणि १९६६ मध्ये मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशननं जातीला मान्यता दिली. आणि इतक्या वर्षांत हिचं तोंड कुणी लांब केलं नाही की केस वाढवले नाहीत, जुन्या चित्रात जशी आहे तशीच आहे, हे मला फार मोठं वाटतं.

थायलंडमध्ये कोरात शुभ, नवरीला जोडी भेट देतात, आणि पावसाशीही नातं जोडलंय. पाऊस लांबला की गावातून मांजराची मिरवणूक काढतात, टोपलीत मांजर, लोक गाणी म्हणत पाणी शिंपडत जातात, आपल्याकडे धोंडी काढतात त्यातलाच प्रकार. आता मांजराला त्रास नको म्हणून काही गावांत टोपलीत डोरेमॉनची बाहुली ठेवतात आणि मला हा बदल मनापासून पटला, पाण्याचा आणि गोंगाटाचा त्रास मांजराला किती होतो हे मांजर पाळणाऱ्यालाच कळतं, त्यात कोरातला तर फारच.

कारण कोरातला आवाज सहन होत नाही. आमच्या आधी एक मोठा ग्रुप आत होता, पोरं ओरडत होती, तेव्हा कोरात सगळी मागे कोपऱ्यात. ग्रुप गेला, मी खाली बसले, हात पुढे केला नाही, नुसती बसून राहिले. एक मांजरी हळूच आली, वास घेतला, गेली, परत आली आणि मग मांडीला टेकून बसली ती बसलीच. आवाज नाही, मागणी नाही, फक्त गुरगुर. सयामीचं प्रेम सगळ्यांना वाटण्याएवढं असतं, कोरात मात्र घरातलं एक माणूस निवडतं आणि त्याच्या जवळपास राहतं. दुसरी मांजरं असतील तर मात्र आपलंच चालावं असा तिचा हट्ट असतो, तो भांडून नाही, जागा अडवून. शांत घर असेल, माणसं थोडी असतील तर माझ्या मते या पाचांत कोरातसारखं मांजर नाही. फक्त घेताना एक टेस्ट विचारा. या जातीत जीएम१ आणि जीएम२ नावाचे आनुवंशिक मज्जासंस्थेचे आजार आढळतात, पिल्लू लहानपणीच जातं, आणि आईबापाची डीएनए टेस्ट करून हे टाळता येतं. जो ब्रीडर या टेस्टचं नाव काढल्यावर विषय बदलतो त्याच्याकडून घेऊच नका.

सुफलक तांब्याच्या रंगाची, सावलीत तपकिरी वाटते आणि ऊन पडलं की लालसर. खूप खेळकर, माणसात रमणारी, अंगावर चढणारी. बर्मीज जातीशी हिची नेहमी गल्लत होते. ती गोष्ट वेगळी, १९३० मध्ये वाँग माऊ नावाची एक तपकिरी मांजरी बर्मातून सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि तिच्यापासून अमेरिकेत बर्मीज उभी राहिली. कोन्जा पूर्ण काळी, पिवळसर डोळे, चाल अशी की नजर हटत नाही, पण ती बहुतेक झोपलेली होती म्हणून स्वभावाबद्दल जास्त लिहीत नाही. काळी म्हणून बॉम्बे समजू नका एवढंच, बॉम्बे ही जात मुंबईची नाही आणि थायलंडचीही नाही, ती १९५० च्या दशकात अमेरिकेत केंटकीमध्ये तयार केलेली आहे.

तिथून बाहेर पडताना माझ्या डोक्यात घोळत होतं ते तामरा माऊ. मांजरांवरची जुनी थाई हस्तलिखितं आहेत ही, खोई झाडाच्या सालीच्या घडीच्या कागदावर, चित्रांसकट, मूळ परंपरा आयुथ्थया काळातली, म्हणजे बँकॉकच्या आधीच्या जुन्या राजधानीच्या काळातली मानतात आणि प्रती बँकॉकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यात १७ शुभ मांजरं आणि ६ अशुभ मांजरं सांगितलीत. विचियनमात, सी सवात, सुफलक, कोन्जा त्या शुभ यादीतल्या, खाव मनी नंतरची. सगळे शुभ मांजरांबद्दलच बोलतात पण मला अशुभ यादी जास्त महत्त्वाची वाटते. त्यात वाघासारखे पट्टे, वाकडी शेपटी असली रूपाची कारणं आहेतच, पण माणसांपासून लपून राहणारं मांजर आणि स्वतःची पिल्लं खाणारं मांजरसुद्धा आहे. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी या लोकांनी स्वभाव बघून कुठलं मांजर घरात ठेवायचं हे लिहून ठेवलं होतं. आज या पाचही जाती माणसाजवळ इतक्या सहज येतात त्यामागे पिढ्यान् पिढ्या झालेली ही निवड असणार असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण तिथं बसल्यावर तो फार खरा वाटतो. २०२५ मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळानंही याच पाच जातींना राष्ट्रीय पाळीव प्राणी म्हणून मान्यता दिली, ते फार आधीच व्हायला हवं होतं.

जायचं कसं तर बँकॉकच्या साउथ बस टर्मिनलहून मिनीव्हॅन मिळते, किंवा मेक्लाँगचं रेल्वे रुळांवरचं मार्केट बघून तिथून सोंगथेवनं, म्हणजे मागे बाकं लावलेल्या पिकअपनं, आंफावा, अंतर थोडंसंच आहे. आंफावाचा तरंगता बाजार शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर भरतो, त्यामुळे आधी मांजरं आणि मग बाजार हा क्रम ठेवा. भर दुपारी जाऊ नका, एप्रिलमध्ये तर नकोच, उकाड्यात मांजरं पसरलेली असतात आणि त्यांना उठवणं योग्य नाही. सकाळी लवकर पोचलं की खेळताना दिसतात. फ्लॅश बंद ठेवा. एका मांजराला हात लावून लगेच दुसऱ्याकडे जाण्याआधी हात धुवा, स्वतःच्या घरी मांजर असेल तर परत गेल्यावर कपडे बदलूनच त्याला जवळ घ्या. लहान मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून न्या की आवाज खाली ठेवायचा आणि पळायचं नाही, आणि ते जमणार नसेल इतकी लहान असतील तर एकानं बाहेर थांबून आळीपाळीनं बघा. निघताना देणगी ठेवा, शंभर-दोनशे बात (थाई चलन) आपल्याला जड नाहीत आणि इतक्या मांजरांचं खाणं, लसी, डॉक्टर हा रोजचा खर्च आहे.

तिथून पिल्लू घेऊन यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथंच सोडा. कागदपत्रं, क्वारंटाइन, विमानप्रवास, त्यात कोरातसारखं आवाजाला घाबरणारं पिल्लू म्हणजे त्याचे हाल. बघायला जा, भरपूर वेळ बसा, आणि सयामीच्या गर्दीतून बाजूला होऊन त्या राखाडी मांजरांपाशी थोडं जास्त थांबा.