नऊ महिने मिनी पीसीवर: डबी चांगली, अ‍ॅडॉप्टरनं रडवलं

८ सप्टेंबर, सोमवार. विसर्जनाच्या मिरवणुका आदल्या दिवशी संपल्या होत्या, पेठेतले रस्ते मोकळे झाले होते, आणि माझ्यापुढे एका दिवाळी अंकाची २०८ पानं होती. सकाळी साडेनऊला कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही. भिंतीवरचं बटण, यूपीएस, वायर, सगळं तपासलं. शेवटी टेबलामागे हात घालून अ‍ॅडॉप्टर वर काढला, तर त्याच्यावरचा हिरवा ठिपका लागत होता आणि विझत होता. हाताला चांगलाच गरम लागला. ही डबी, म्हणजे तळहाताएवढा मिनी पीसी, घेऊन तेव्हा सात महिनेही पुरे झाले नव्हते.

मी पुण्यात नारायण पेठेत घरूनच अक्षरजुळणी करते, एकवीस वर्षं झाली. पुस्तकं, दिवाळी अंक, क्वचित लग्नपत्रिका. आधीचा सीपीयू २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय३. चालत होता, पण विंडोज ११ त्याच्यावर बसत नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवसांत मशीन बदलायची माझी छाती नाही, म्हणून फेब्रुवारीतच मिनी पीसी घेतला. इंटेल एन१००, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), १८,९०० रुपये.

ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनमध्येच कॉम्प्युटर असलेलं मशीन, घ्या असं दोघातिघांनी सांगितलं होतं. मला मुळीच नको होता. माझा मॉनिटर २०१६ चा, चोवीस इंची, १९२० बाय १२०० चा आहे. उभ्या १२०० ठिपक्यांमुळे समोरासमोरची दोन पानं खालची ओळ न कापता एका नजरेत दिसतात. तो उत्तम चालतोय, मग टाकायचा का? ऑल-इन-वनमध्ये स्क्रीन बिघडली की कॉम्प्युटर गेला आणि कॉम्प्युटर जुना झाला की चांगली स्क्रीन गेली. बिनस्क्रीनची डबी घेणाऱ्या माझ्यासारख्या बहुतेकांचं हेच म्हणणं असतं: घरात मॉनिटर आहे, कीबोर्ड आहे, माऊस आहे, त्यांना धक्का न लावता फक्त मधलं यंत्र बदलू द्या.

वेगाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात तक्रार नाही. एन१०० प्रोसेसरचे चार गाभे (कोअर) साधे आहेत, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. पानं लावणं, फोटो थोडेफार साफ करणं, पीडीएफ काढणं यात तो कुठेही अडत नाही. २०८ पानांची छपाईची पीडीएफ काढताना चहा करून यावा लागतो, पण जुन्या सीपीयूवर चहा पिऊनही व्हायचा. आवाज जवळजवळ शून्य. रात्री अकराला मुलगी शेजारी झोपलेली असताना मी काम करू शकते, हे मला पहिल्या आठवड्यातच फार आवडलं.

विजेचा हिशोब मी मीटर लावून केला. जुना सीपीयू ७०-८० वॅट ओढायचा, ही डबी ९ ते २२. दिवसाला नऊ तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर साधारण १४ युनिटं वाचतात. त्याहून मोठा फायदा यूपीएसचा. त्याच यूपीएसवर पूर्वी लाइट गेली की दहा मिनिटांत सगळं गुंडाळावं लागायचं. आता मॉनिटरसकट अर्धा तास सहज मिळतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा चालू पान पुरं करून प्रूफ पाठवता येतं.

यूएसबीची भोकं मात्र चारच. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर आणि श्रीलिपीचं लॉक (मराठी अक्षरजुळणीचं हे सॉफ्टवेअर ते खोचल्याशिवाय चालत नाही), संपली चारही. पेन ड्राइव्ह घेऊन लेखक दारात उभा असला की माऊस काढायचा का लॉक? शेवटी हब घेतला, प्रिंटर त्याच्यावर टाकला. विकत घ्यायच्या आधी आपल्या मागच्या वायरी मोजा, डबीची जाडी नंतर बघा.

आता अ‍ॅडॉप्टर. या यंत्राबद्दल मला खरं सांगायचंय ते हेच.

ही डबी तळहाताएवढी होते ती कशामुळे? मोठ्या सीपीयूतला पॉवर सप्लाय हा लोखंडी डबा बाहेर काढतात आणि त्याच्या जागी काळी वीट टेबलाखाली लोळवतात. जुना पॉवर सप्लाय गेला तर कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात तसाच मिळायचा, कारण मापं ठरलेली होती. या विटांना ठरलेलं माप नाही. कुणाची १२ व्होल्ट, कुणाची १९, पिना वेगवेगळ्या. शिवाय लॅपटॉपला बॅटरी असते, अ‍ॅडॉप्टर गेला तरी दोन तास मिळतात, फाइल काढून घेता येते. इथे अ‍ॅडॉप्टर गेला की त्याच क्षणी सगळं बंद.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ती निवडण्याचं कारणच सर्व्हिस होतं. ३ ऑगस्ट २०२३ ला सरकारनं लॅपटॉप आणि अशा अतिलहान कॉम्प्युटरच्या आयातीवर परवान्याची अट घातली होती, दुसऱ्याच दिवशी तिला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं: आज माल येणाऱ्या आणि उद्या न येणाऱ्या कंपनीची डबी घ्यायची नाही, पुण्यात सर्व्हिस सेंटर असलेलीच घ्यायची. दोन हजार जास्त मोजले ते त्यासाठी.

सेंटरला फोन केला. डबी, अ‍ॅडॉप्टर, बिल आणि मूळ खोकं घेऊन या, पंधरा कामाचे दिवस लागतील. मी म्हटलं, डबी ठणठणीत आहे, नुसता अ‍ॅडॉप्टर गेलाय, तोच आणते. नाही, एकटा अ‍ॅडॉप्टर जमा करून घेत नाही. माझ्या एसएसडीवर चार प्रकाशकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत. ती मी पंधरा दिवस कुणाच्या टेबलावर का ठेवू? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईंनी सांगितलं की अ‍ॅडॉप्टर अ‍ॅक्सेसरीत येतो, त्याला सहाच महिन्यांची वॉरंटी, ती १० ऑगस्टला संपली. कार्ड काढून वाचलं. मागच्या बाजूला, तळाच्या ओळीत, खरंच तसं छापलंय. माझ्या धंद्यात मी रोज सहा पॉइंटाच्या तळटीपा लावते, तरी ही ओळ मी घेताना वाचली नव्हती. पण माझा प्रश्न आजही तोच आहे: ज्याच्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही ती अ‍ॅक्सेसरी कशी?

घाईत मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. राउटरचा अ‍ॅडॉप्टरही १२ व्होल्टचाच होता आणि पिन बरोबर बसली. डबी सुरू झाली, विंडोज आलं, जिवात जीव आला. अंकाची फाइल उघडली आणि स्क्रीन काळी. त्या अ‍ॅडॉप्टरवर १ अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे १२ वॅट. माझ्या मूळ अ‍ॅडॉप्टरवर ३ अँपिअर होतं. नुसती बसलेली डबी ९ वॅटवर भागवते, पण कामाला लागली की वीस-बावीस मागते, तिथे तो कोलमडला. फाइल वाचली हे नशीब. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

दुपारी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार, गाठली. पहिल्या दुकानात १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर मिळाला, सीसीटीव्हीसाठी विकतात तो. घरी आणून लावला, चालला. संध्याकाळी टेबलाला गुडघा लागला आणि डबी बंद. परत लावली, परत बंद. दुसऱ्या दिवशी पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूच्या एका छोट्या गाळ्यात गेले. तिथल्या काकांनी पिन नुसती हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, ही अडीचची आहे. तुमच्या डबीला एकवीसची लागते." बाहेरून दोन्ही पिना सारख्याच, ५.५ मिलिमीटर. आतलं भोक एकीचं २.१, दुसरीचं २.५. मोठ्या भोकाची पिन बारीक कांडीवर जाते, पण पकड धरत नाही. हा ०.४ मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी दिसत नाही आणि कंपनीच्या पत्रकात कुठेही लिहिलेला नाही.

काकांनी २.१ चा, त्याच क्षमतेचा दुसरा दिला, ४५० रुपयांना. लावण्याआधी मीटर धरून मधला टोक प्लस आहे ना हे दाखवलं. अ‍ॅडॉप्टरवर आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघायला सांगितलं. कॉम्प्युटरच्या अ‍ॅडॉप्टरला भारतीय मानक ब्यूरोची ही नोंदणी सक्तीची आहे, आणि ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो. मी तिथेच उभ्या उभ्या तपासला. खरा निघाला.

मग त्यांनी माझा मेलेला अ‍ॅडॉप्टर मागितला. शिकंज्यात धरून कडेनं दाबला, खटकन दोन भाग झाले. आत एका कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांडीचं, डोकं फुगलं होतं. १६ व्होल्ट आणि ८५ डिग्रीपर्यंत सोसणारा. त्यांनी २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा टाकला, डाग दिला, कडा चिकटवल्या. ८० रुपये. हिरवा ठिपका स्थिर लागला.

"ठेवला कुठे होता हा?" त्यांनी विचारलं. टेबलामागे, जुन्या प्रुफांच्या गठ्ठ्यांत. अशा कंडेन्सरच्या आतला द्रव उष्णतेनं सुकतो. दहा डिग्री तापमान कमी केलं तर आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. सात महिने मी त्याला रद्दीत पुरून ठेवलं होतं. म्हणजे थोडा दोष माझाही. तरी रोज आठ-नऊ तास गरम होणाऱ्या वस्तूत ८५ डिग्रीचा कंडेन्सर घालून कंपनीनं किती रुपये वाचवले असतील?

इथपर्यंतचं मी सप्टेंबरातच लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली "ही डबी घेऊ नका" असं वाक्य होतं. ते आता काढलंय. अंक वेळेवर छापखान्यात गेला. अ‍ॅडॉप्टर मिळेपर्यंतचा दीड दिवस मी जुना सीपीयू लावला होता, आणि त्याची घरघर, त्याचा उकाडा नको झाला. नोव्हेंबर लागला, डबी एकदाही अडलेली नाही. माझं भांडण डबीशी नाहीच, विटेशी आहे.

म्हणून आता दुसऱ्या कुणासाठी बघताना मी पहिल्यांदा तेवढंच बघते. एका प्रकाशकांकडे मॅक मिनी आहे. त्याचा पॉवर सप्लाय २०१० पासून डबीच्या आतच असतो. २०२४ चा तर पाच इंची चौकोन आहे, तरीही आत. बाहेर फक्त रेडिओला लागायची तसली साधी दोन पिनांची वायर. ती हरवली तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. म्हणजे हे अशक्य नाही. पण त्याची किंमत ५९,९०० पासून सुरू झाली, माझ्या तिप्पट, आणि माझी जुनी सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत नाहीत. दुसरा मार्ग टाइप-सी. काही मिनी पीसी टाइप-सी चार्जरवर चालतात, तो चार्जर लॅपटॉपलाही चालतो. युरोपानं फोनना डिसेंबर २०२४ पासून एकच टाइप-सी चार्जर सक्तीचा केला, लॅपटॉपना एप्रिल २०२६ पासून आहे. या डब्या त्या यादीत नाहीत. कंपन्यांनी सक्तीची वाट न पाहता ते करावं. माझ्यासारखी गिऱ्हाईक त्यासाठी हजार रुपये जास्त देईल. डबी आणखी अर्धा इंच बारीक करण्यासाठी एक रुपया देणार नाही.

आणखी एक सेटिंग सांगते. माझी डबी मॉनिटरच्या पाठीवर स्क्रूनं लावलीय, बटणापर्यंत हात पोचत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू केला. आता भिंतीवरचं बटण दाबलं की सगळं एकदम सुरू होतं. घेताना दुकानदाराला हा पर्याय दाखवायला सांगा, सगळ्या डब्यांत नसतो. वायफाय मात्र मॉनिटरच्या पत्र्यामागे अर्धं झालं, मी केबल ओढून घेतली.

नवा अ‍ॅडॉप्टर आता टेबलाखाली लाकडी पट्टीवर मोकळ्या हवेत टांगलाय. दुरुस्त केलेला खणात आहे, त्याला कागदी पट्टी चिकटवून वर लिहिलंय: १२ व्होल्ट, ३ अँपिअर, ५.५ बाय २.१, मध्ये प्लस. सर्व्हिस सेंटरकडे नोंदवलेली तक्रार अजून उघडी दिसते. मी त्यांना तीनदा ईमेल केला: नुसता अ‍ॅडॉप्टर विकत द्या, पैसे देते, किंमत सांगा. किंमत अजून कळलेली नाही.