क्लच दाबून, मनगटाने की क्विकशिफ्टरने? गिअरबॉक्सला काय सोसतं, काय नाही

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. गिअर बदलताना दातांत दात घुसत नाहीत. पायाने लिव्हर हलवला की शिफ्ट ड्रम फिरतो, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) एका गिअरला शाफ्टवर बाजूला सरकवतो आणि त्या गिअरच्या अंगावरचे जाड ठोकळे, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचांत जाऊन बसतात. कारसारखे सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरचे वेग आधी जुळवून देणारे भाग, इथे नसतात. त्याऐवजी खाच डॉगपेक्षा रुंद ठेवलेली असते, म्हणून वेगात थोडा फरक असला तरी डॉग आत शिरतो. बहुतेक गिअरबॉक्समध्ये डॉगच्या कडा किंचित आत कलत्या कापलेल्या असतात, त्यामुळे इंजिन ओढत असताना ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. ते सुटायचे तर त्यांच्यावरचा भार क्षणभर उतरायलाच हवा. तो क्लचने उतरवा, मनगटाने थ्रॉटल सोडून उतरवा किंवा क्विकशिफ्टरने इंजिनची ठिणगी तोडून उतरवा. भार खरोखर उतरला का आणि पुढचा डॉग बसताना धडक केवढी झाली, यावर गिअरबॉक्सचं आयुष्य ठरतं.

क्लच दाबून

क्लच दाबला की क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याच्याबरोबर फिरणारं सगळं वजन गिअरबॉक्सपासून तुटतं. डॉग खाचेवर आपटला तरी त्याच्या मागे फक्त क्लचचा हब आणि इनपुट शाफ्ट असतो. वेळ थोडी चुकली तरी निभावतं ते यामुळे.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे सगळ्यात जास्त कामी येतं. समजा पहिल्याचं गुणोत्तर २.८ आणि दुसऱ्याचं २.० आहे. पहिल्यात ६००० आरपीएमवर गिअर बदलला तर त्याच वेगाला इंजिन साधारण ४३०० वर यायला हवं, म्हणजे १७०० ची उडी. पाचवा १.०५ आणि सहावा ०.९५ असेल तर हीच उडी ६०० च्याही आत येते. शिवाय पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असल्याने पायाला लांबचा पल्ला मारावा लागतो आणि गिअर अर्धवट पडण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या गिअरचे डॉग बहुधा सगळ्यांआधी कडा झिजून गोल होतात ते याच कारणाने. हा एक बदल क्लच दाबूनच करावा.

‘क्लचप्लेटा वाचतात’ हा क्लच न दाबण्याच्या बाजूचा सर्वांत कच्चा मुद्दा आहे. प्लेटा झिजतात त्या गाडी जागेवरून उचलताना आणि गर्दीत हाफ क्लचवर रांगताना. चालत्या गाडीत गिअर बदलताना त्या जेमतेम घसरतात. झिजल्याच तर बहुतेक गाड्यांत बाजूचं कव्हर उघडून बदलता येतात. डॉग किंवा फोर्क गेला तर बहुतेक गाड्यांचं इंजिन फ्रेममधून उतरवून क्रँककेस (इंजिनचं मुख्य कवच) उघडावी लागते. स्वस्त सुटा भाग वाचवायला महागडा पणाला लावण्यात काहीच शहाणपण नाही.

एक तपासणी मात्र करा: क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळी हालचाल बऱ्याच केबलवाल्या गाड्यांत १० ते १५ मिमी असते. ती फार वाढली तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. मग हात क्लचवर असतो आणि गिअरबॉक्सला धडक बसतच राहते.

मनगटाने, क्लच न दाबता

इंजिन मध्यम आरपीएमवर ओढत असताना पायाने लिव्हरवर वरच्या दिशेने हलका दाब द्या. गिअर अजून हलणार नाही. थ्रॉटल झटकन थोडासा सोडा, गिअर आपोआप सरकेल, लगेच परत उघडा आणि पाय लिव्हरवरून काढा. दाब थ्रॉटलच्या आधी. हा क्रम उलटला की बिघडतं. थ्रॉटल जास्त वेळ बंद राहिला तर इंजिन मागे ओढू लागतं, भार डॉगच्या दुसऱ्या बाजूवर जातो आणि तो पुन्हा अडकतो. मग पायाचा जोर वाढतो आणि फोर्क वाकतो.

तिसऱ्यापासून वर, नीट जमलेला असा बदल गिअरबॉक्सला क्लचवाल्या बदलाइतकाच सोसतो. जड फ्लायव्हीलच्या इंजिनात आरपीएम सावकाश पडतात, तिथे हा नाद सोडा. पाय सतत लिव्हरवर टेकवून ठेवणं तर कुठल्याच पद्धतीत चालणार नाही: फोर्क गिअरच्या खोबणीला घासत राहतो, तापून निळा पडतो आणि झिजतो.

क्विकशिफ्टर

शिफ्ट रॉडवरचा सेन्सर पायाचा जोर ओळखतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) साधारण ५० ते ८० मिलिसेकंद ठिणगी किंवा इंधन तोडतो. मनगटाचंच काम, पण दर वेळी त्याच अचूकतेने. थ्रॉटल उघडलेला आणि आरपीएम चढे असतील तर माणसापेक्षा तो सरस आहे. कमी आरपीएमवर, जेमतेम थ्रॉटलवर मात्र तोडायला भारच नसतो. तिथे धक्का बसतो आणि तो चेन व मागच्या चाकाच्या रबरांपर्यंत जातो. गल्लीबोळात क्लच वापरा.

बाहेरून बसवणार असाल तर कट-टाइम (ठिणगी तोडण्याचा वेळ) गिअरनुसार वेगळा ठेवता येणारा घ्या. खालच्या गिअरना तो जास्त लागतो. कमी पडला तर डॉग भाराखाली ओढून काढले जातात, आणि कडा गोल करण्याचा याहून जलद मार्ग नाही. जास्त झाला तर गाडी गचका देते. ते निदान कळतं तरी. म्हणून सुरुवात जास्तीने करून हळूहळू कमी करा. लिंकेजच्या, म्हणजे पायाच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्यांच्या, सांध्यांत ढिलाई असेल तर ती आधी काढा.

खालचे गिअर टाकताना हिशेब उलटा होतो: आता आरपीएम वाढवायला हवेत. ऑटो-ब्लिप (आरपीएम आपोआप वाढवणं) असलेल्या राइड-बाय-वायर (थ्रॉटल केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक) गाडीवर ते काम ईसीयू करतो. नसेल तर क्लच दाबा आणि थ्रॉटलला हलका झटका द्या. क्लचशिवाय वेळ चुकली तर धडक डॉगना बसतेच, वर ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकतं.

नवीनच गाडी घ्यायची असेल आणि डाव्या हाताला आराम हवा असेल, तर होंडाचा ई-क्लच (२०२४ च्या सीबी६५०आर आणि सीबीआर६५०आरवर आला) जास्त सरळ उत्तर आहे. त्यात मोटरी खराखुरा क्लच सोडतात, त्यामुळे संथ वेगातही डॉगवर भार राहत नाही.

जुनी गाडी असेल तर क्विकशिफ्टरचा विचार करण्याआधी दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल जोरात उघडून पाहा. गिअर सटकत असेल तर डॉग आधीच गोल झालेत. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट दिसली तर ठीक; चकचकीत कपचे किंवा कोनेरी तुकडे निघाले तर क्विकशिफ्टरचे पैसे गिअरबॉक्सच्या कामासाठी राखून ठेवा.