पक्षी, पेटी की पोहणे? चाळिशीनंतर नवा छंद निवडताना

ऑफिसातून घरी यायचं, सोफ्यावर अंग टाकायचं, मोबाइल चाळायचा आणि तरी रात्री अकराला शिणल्यासारखंच वाटायचं. ही तक्रार नागपुरात मिहानपासून महालापर्यंत सगळीकडे सारखी. मग कुणीतरी म्हणतं, एखादा छंद लाव. सल्ला चुकीचा नाही, पण निवडताना लोक आवड बघतात, खर्च बघतात, घरापासूनचं अंतर बघतात. आपण नेमके कशाने थकतो, हे कुणी बघत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

कामाच्या थकव्यातून माणूस कसा सावरतो यावर साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये एक प्रश्नावली मांडली. त्यात चार गोष्टी तपासतात: डोक्यातून काम निघून जाणं, अंग आणि मन सैल पडणं, नवीन काही जमायला लागणं आणि तो वेळ कसा घालवायचा हे आपल्या हाती असणं. सोफा आणि मोबाइल फार तर अंग सैल करतात. मोबाइलवर ऑफिसचा ग्रुप वाजत राहतो, म्हणजे काम डोक्यातून जात नाही. आणि नवीन काही जमण्याचा तर प्रश्नच नाही. छंदही याच चार गोष्टींवर पारखून बघा. आपल्याकडे कशाची चणचण आहे ते ज्याचं त्याला कळतं.

पक्षीनिरीक्षणात अंग-मन सैल होतं ते सगळ्यात लवकर, आणि नागपूरकराची यात चंगळ आहे. गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा ही तळी शहरातच आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, त्यामुळे फार पहाटे उठायची सक्ती नाही. हिवाळ्यात पाणथळ जागी पाहुणे बदकं येतात. काठाच्या उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालताना दिसला की पुस्तक उघडायचीही गरज पडत नाही, तो एकदा पाहिला की विसरत नाही. आणि तळ्यावर जायला जमत नसेल तर विजेच्या तारेवरचा वेडा राघू बघा. तो तारेवरून झेप घेतो, हवेतच मधमाशी पकडतो, परत तारेवर येऊन बसतो आणि गिळण्याआधी तिला तारेवर घासून, आपटून तिचा डंख काढतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उघड्या डोळ्यांनी दिसतं. तेवढा वेळ महिनाअखेरच्या टार्गेटचा विचार मनात येत नाही, येऊच शकत नाही.

दुर्बीण घ्यायचीच झाली तर 8×42 पुरे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा समोरच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहापट घेतली तर नवख्याचा हात थरथरतो आणि पक्षी नजरेत ठरत नाही. 'मर्लिन' हे मोफत ॲप आवाजावरून पक्षी सांगतं; सोय उत्तम, पण नाव मिळालं की आपण बघायचं थांबवतो, आणि हातात पुन्हा मोबाइल येतो तो येतोच. सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह आहे: 5 ला नवेगावबांधच्या जंगलात अनेक वर्षं काढलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 ला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. उणी बाजू एकच. मे महिन्यात पारा 45 कडे जातो, सकाळी आठलाच डोक्यावर दुपट्टा लागतो, आणि ज्यांना सवय मोडायला निमित्तच हवं असतं त्यांना ते मिळतं.

पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, गणित अगदी उलटं. पहिले काही आठवडे ती सैल करत नाही, उलट घाम काढते. पण डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर, म्हणजे मोबाइल उचलायला हातच उरत नाही. शिवाय प्रगती कानांना ऐकू येते. या आठवड्यात "सारेग, रेगम" अडखळत होतं, पुढच्या आठवड्यात सरळ निघालं. ज्याचं काम कधी संपतच नाही, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि परत येते, त्याला हे "जमलं" फार मोठं वाटतं. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीवर बंदी घातली होती. एक मोठा आक्षेप असा की तिचे स्वर ठरलेले, त्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. शास्त्रोक्त गायकासाठी ती उणीव असेल; पण पंचेचाळिशीत पहिल्यांदा सूर लावणाऱ्याला पट्टी दाबली की स्वर जागच्या जागी मिळतो, हा मोठा आधार आहे. तबल्यात बोल उमटायलाच महिने जातात.

जुनी पेटी घेत असाल तर सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि थांबा. हवा लगेच निघून गेली तर भाता गळतो, ती घेऊ नका. आणि आपल्या नागपूरची खास गोष्ट: पेटी कूलरसमोर ठेवू नका. ओल्या हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. कूलरच्या घरघरीत सा कुठला नि रे कुठला, तेही कळत नाही. उन्हाळ्यात रियाझ सकाळीच उरका.

पोहण्याबद्दल थोडक्यात. दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडलेल्यांना यापेक्षा लवकर गुण दुसरा कशाचाच येणार नाही. भूक लागते, रात्री पडल्या पडल्या झोप लागते. मोठेपणी शिकताना अडतं ते हातपाय मारण्यात नाही, श्वासात. लोक पाण्याखाली श्वास कोंडून धरतात. तो पाण्यातच सोडायचा आणि डोकं वर काढून फक्त घ्यायचा, एवढं साधलं की अर्धी भीती जाते. पण बॅचची वेळ तुम्ही ठरवत नाही. एप्रिल-मे मध्ये पोरांची गर्दी आणि डिसेंबरात उघड्या टाकीतलं गार पाणी. म्हणजे चौथ्या कसोटीवर पोहणं कच्चं.

मला विचाराल तर दिवसभर माणसांशी बोलून वैतागणाऱ्यांनी, म्हणजे काउंटरवरचे, शिक्षक, सेल्सवाले यांनी, तळं गाठावं. स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी पाण्यात उतरावं. बाकी सगळ्यांना मी पेटी सांगेन, कारण ती मे महिन्यातही सुटत नाही आणि रोज वीस मिनिटं मिळाली तरी पुरतात. दोन गोष्टी एकदम मात्र सुरू करू नका. महिन्याभरात दोन्ही सुटतात. पैसेही आधी घालू नका. बऱ्याच क्लासमध्ये शिकण्यापुरती पेटी मिळते, आणि दुर्बीण ओळखीतल्या कुणाकडून मागता येते.

क्लास लावताना फीच्या आधी गुरुजींना विचारा, मोठ्यांची बॅच वेगळी आहे का? नसेल तर शेजारी चौथीतली पोरगी बसेल आणि तुमच्या आधी अलंकार ("सारेग, रेगम" असे स्वरांचे पाठ) म्हणून मोकळी होईल. काहींना यात मजा वाटते. ज्यांना नाही वाटणार त्यांनी थेट सांगून सकाळची वेळ मागून घ्यावी; त्या वेळी पोरं शाळेत असतात आणि गुरुजीही मोकळे असतात.