नाशिककरांनो, टोफेलचं बुकिंग क्लासवाल्याच्या हातात देऊ नका

माझ्या धाकट्या बहिणीला मागच्या वर्षी टोफेलच्या (परदेशी ॲडमिशनसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा) नावाखाली ज्या पद्धतीने फसवलं ते सविस्तर लिहितोय, कारण अगदी तशाच पद्धतीने अजूनही कॉलेज रोड-गंगापूर रोड भागात पैसे घेतले जातायत असं ओळखीतल्या लोकांकडून कळलंय. लांब झालंय, पण ज्यांच्या घरात कोणी एमएससाठी बाहेर जायची तयारी करतंय त्यांनी पूर्ण वाचा. क्लासचं नाव लिहीत नाही, पोलिसात तक्रार दिलेली आहे.

बहिणीचं इंजिनिअरिंग नाशिकलाच झालं, जीआरईचा (एमएसच्या ॲडमिशनसाठीची दुसरी परीक्षा) अभ्यास ती घरीच करत होती, फक्त टोफेलसाठी क्लास लावला. चकाचक ऑफिस, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो आणि दारातच मोठा बोर्ड, 100 प्लस गॅरंटी नाहीतर फी परत. तेव्हा टोफेल 120 मार्कांची होती, रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग, रायटिंग प्रत्येकी 30, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या 80 ते 100 च्या आसपास मागायच्या, त्यामुळे 100 ची गॅरंटी म्हटलं की आईवडिलांना हायसं वाटायचं. बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांनी 28 हजार एकरकमी भरले.

खरं तर ही असली गॅरंटी देणंच चुकीचं आहे. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मधे कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले, त्यात मार्कांची किंवा ॲडमिशनची खोटी हमी द्यायला सरळ मनाई आहे. पण बोर्ड अजून लागलेलेच आहेत.

शिकवणं कसं होतं तर झेरॉक्सचा एक गठ्ठा दिला. मी एकदा सहज चाळला तर त्यात 30 मिनिटांच्या निबंधाचे विषयच विषय. आता हा निबंध जुलै 2023 मधेच परीक्षेतून गेला, परीक्षा तीन तासांवरून साधारण दोन तासांवर आली आणि निबंधाच्या जागी 10 मिनिटांचा प्रश्न आला, त्यात प्राध्यापक एक मुद्दा मांडतात, दोन विद्यार्थ्यांची उत्तरं दिलेली असतात आणि त्यावर आपण आपलं मत लिहायचं. बहिणीने विचारलं तर सर म्हणाले दोन्ही येतं, प्रॅक्टिस करत राहा. म्हणजे पोरं महिनोन्‌महिने अशा प्रश्नाची तयारी करत होती जो परीक्षेत नाहीच. (आणि आता जानेवारी 2026 पासून परत बदललंय, स्कोअर 1 ते 6 च्या स्केलवर आलाय, त्यामुळे कोणी जुने गठ्ठे देत असेल तर घेऊच नका.)

पण खरा घोटाळा बुकिंगमधे झाला. सर बाबांना म्हणाले, "काका, फॉर्म तुम्ही भरू नका, पासपोर्टवरच्या नावात एका अक्षराचा फरक पडला तर सेंटरवर आत घेत नाहीत, फी बुडते." नाव पासपोर्टसारखंच लागतं हे खरंच आहे, म्हणून तर ते लगेच पटतं. वर आमच्याकडे व्हाउचर आहे, परीक्षेची फी 16-17 हजार जाते ती तुम्हाला 14 हजारात करून देतो. पैसे क्लासच्या खात्यावर नाही, कुठल्यातरी बाईच्या नावाच्या युपीआयवर घेतले, म्हणे अकाउंट सेक्शन तिकडे आहे. ईटीएसचं (टोफेल घेणारी संस्था) अकाउंटही त्यांनीच उघडलं, ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा. बहिणीला फक्त व्हॉट्सॲपवर कन्फर्मेशनची पीडीएफ आली, तारीख, वेळ, पुण्याचं सेंटर सगळं बरोबर.

आम्ही पहाटे सिन्नर-संगमनेर करत पुण्याला पोचलो. ती पासपोर्ट घेऊन आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन म्हणाली, "दादा, यादीत नावच नाहीये माझं." तिथल्या स्टाफने बिचाऱ्यांनी परत तपासलं, पण अपॉइंटमेंटच नाही तर ते तरी काय करणार. तिथेच त्याच क्लासची अजून एक मुलगी रडत उभी होती. दोघींचे मोबाईल शेजारी धरले तर अपॉइंटमेंट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा! फक्त नाव बदललेलं, आणि नीट बघितलं तर नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड, ओळीच्या थोडी वर. कोणाची तरी एक खरी पीडीएफ घेऊन त्यावर नावं चिकटवत होते.

क्लासवर गेलो तर आधी सर्व्हर प्रॉब्लेम, मग रिफंड प्रोसेसमधे आहे, मग गॅरंटीच्या नियमात एवढी हजेरी लागते, तेवढ्या मॉक टेस्ट लागतात, सही केलेली बघा. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, 60 हजार द्या, परीक्षेला न बसता 105 चा स्कोअर काढून देतो, डेडलाईन जवळ आहे ना ताईंची. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. आधी पोरीची परीक्षा बुडवायची आणि मग तिच्या घाबरण्यावर परत पैसे काढायचे.

असा स्कोअर कोणी "काढून" देऊच शकत नाही. टोफेलचा अधिकृत स्कोअर ईटीएसकडून थेट युनिव्हर्सिटीला जातो, परीक्षेच्या आधी चार ठिकाणं फुकट निवडता येतात, आपल्या हातातल्या कागदाला तिथे किंमत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेचंही तसंच, युनिव्हर्सिटी रिपोर्ट नंबर टाकून ऑनलाइन तपासते. आणि पकडलं गेलं तर अडकतो तो विद्यार्थी, 2022 मधे गुजरातची काही मुलं अमेरिका-कॅनडा बॉर्डरवर सापडली, आयईएलटीएसचा स्कोअर चांगला आणि कोर्टात इंग्रजीत बोलता येईना, त्यावरून मेहसाणा पोलिसांनी त्या स्कोअरचीच चौकशी सुरू केली होती.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून ऑनलाइन तक्रार नोंदवली आणि शहर सायबर पोलिसांकडे अर्ज दिला, युपीआयचा युटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), दोन्ही पीडीएफ आणि व्हॉट्सॲप चॅट जोडलं. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉटवर तारीख दिसू द्या. पैसे गेल्या गेल्या कळलं तर 1930 ला लगेच फोन करा, खात्यात रक्कम असेपर्यंत गोठवता येते, आमच्या वेळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. क्लासच्या फीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर वेगळी तक्रार केली, ती चालू आहे.

बहिणीने मग स्वतःच्या ईमेलवरून स्वतः अकाउंट काढलं, बाबांच्या कार्डवरून फी भरली, ईटीएसच्या साइटवरच्या फुकट प्रॅक्टिस टेस्ट सोडवल्या आणि परीक्षा दिली. एका युनिव्हर्सिटीची डेडलाईन मात्र हातची गेली.

ज्यांचं बुकिंग सध्या क्लासमार्फत झालंय त्यांनी आजच पासवर्ड मागून स्वतः लॉगिन करा आणि अकाउंटमधे अपॉइंटमेंट दिसते का बघा, पीडीएफवर जाऊ नका. ईमेल आणि मोबाईल नंबर आपला टाकून घ्या, पासवर्ड बदला. द्यायला टाळाटाळ करत असतील तर परीक्षेच्या दिवसाची वाट न बघता ईटीएसला पासपोर्टवरच्या नावाने विचारा. आणि तुमच्याकडेही अशीच पीडीएफ असेल तर सायबर पोलिसांकडे स्वतंत्र अर्ज द्या, आमच्यासोबत सध्या फक्त त्या दुसऱ्या मुलीच्या घरचेच आहेत.